गच्चीवरचा एसडीआर: ४ मिनिटं २० सेकंदांचा घोळ मिटला

मंडळी, गच्चीवर एसडीआर (प्रोग्रॅमवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) आणि ऐकणारे पीसी खाली, असा हा खटाटोप. मागच्या अपडेटमध्ये दर वेळी ४ मिनिटं २० सेकंदांनी आवाज बंद पडतो इथं गाडी अडली होती, तिथून ती सुटली. गच्चीवरच्या पायवरून (रास्पबेरी पाय, छोटा संगणक) निघणारा मल्टिकास्ट (एकदाच पाठवून अनेकांनी ऐकायचा) आवाज आता खालच्या दोन्ही पीसीवर न तुटता चालतो. संध्याकाळी आकाशवाणी धारवाडचं ७६५ किलोहर्ट्झ लावलं, रात्री केंद्र बंद झालं, तरी आवाजाची पॅकेटं (डेटाचे तुकडे) सकाळपर्यंत येतच होती. नुसता खरखराट, पण सलग खरखराट. हे सुख ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

नव्यांसाठी थोडक्यात मांडणी. गच्चीवर लूप अँटेना, त्याला आरटीएल-एसडीआर व्ही४ हा यूएसबी रिसीव्हर, त्याला रास्पबेरी पाय ४, आणि त्यावर केए९क्यू-रेडिओचा रेडिओडी हा रेडिओ चालवणारा प्रोग्रॅम. बेळगावात वडगाव-खासबागच्या बाजूला यंत्रमागांच्या मोटारी सुरू झाल्या की मीडियम वेव्हचा पार चोथा होतो, म्हणून रिसीव्हर अँटेनाशेजारीच ठेवायचा आणि खाली फक्त पॅकेटं आणायची, हे आधीच ठरलं होतं. गच्चीवरून ३५ मीटर केबल माळ्यावरच्या आठ पोर्टच्या स्मार्ट स्विचला, तिथून हॉलमधल्या तसल्याच दुसऱ्या स्विचला, आणि त्यावर एक डेबियन (लिनक्स) पीसी, एक विंडोज पीसी. राऊटर इंटरनेटवाल्यानं दिलेला. त्यात मल्टिकास्ट नावाचं पानच नाही.

लक्षण असं: मॉनिटर (पीसीवरचा ऐकायचा प्रोग्रॅम) चालू केला की आवाज लगेच येतो, स्वच्छ येतो आणि ४ मिनिटं २० सेकंदांनी कापल्यासारखा बंद. मॉनिटर बंद करून परत लावला की पुन्हा तेवढाच वेळ. परत लावल्यावर चालतं म्हणून सगळा संशय प्लेअरवर जातो, मग बफर वाढवा, व्हर्जन बदला, साउंडकार्ड बदला. तिकडे काहीच नसतं. वेळ दर वेळी तंतोतंत तीच येत असेल तर तो टायमर असतो. केबलचा किंवा यूएसबीचा दोष असा घड्याळ लावून येत नाही.

तपासायचा क्रम वायरीकडून वर, म्हणजे आधी वायर, मग कर्नल, मग प्रोग्रॅम. पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावला तर पॅकेटं निघतायत. १२ किलोहर्ट्झचा मोनो, १६ बिट, २० मिलिसेकंदांचा ब्लॉक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं आणि १९२ केबीपीएस; मोजणी बरोबर जुळते. डेबियनवर ‘आयपी एमॅडर शो’ (पीसी कुठल्या मल्टिकास्ट ग्रुपांचा सभासद आहे त्याची यादी) केलं तर आपला ग्रुप यादीत आहे, आवाज बंद पडल्यानंतरसुद्धा आहे. म्हणजे पीसीच्या हिशेबानं आपण अजून सभासदच. पण त्याच पीसीवर टीसीपीडम्पला एकही पॅकेट दिसत नाही. इथं ‘-पी’ ऑप्शन विसरू नका, नाहीतर कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये जातं, एरवी कार्डानं गाळलेलं पॅकेटही दिसायला लागतं आणि निदान बिघडतं.

उरला स्विच. हॉलमधल्या स्विचवर डेबियनच्या पोर्टचा हिरवा दिवा बघत बसा. स्ट्रीम चालू असताना तो अखंड थरथरतो, ५० पॅकेटांचा ठेकाच तो. मग एका क्षणी थरथर थांबते आणि मधूनच एखादी उघडझाप उरते, एआरपी वगैरे किरकोळ पॅकेटांची. वरून येणाऱ्या अपलिंकचा दिवा तसाच निवांत, पण माळ्यावर पायच्या पोर्टचा दिवा मात्र थरथरतोयच. म्हणजे माळ्यावरचा स्विचच पॅकेटं खाली सोडत नव्हता.

कारण आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे ग्रुपचं पॅकेट फक्त सभासदांच्या पोर्टांवर सोडायची स्विचची सोय. पीसी ग्रुपात शिरताना एक रिपोर्ट पाठवतो, स्विच तो चोरून ऐकतो आणि त्या पोर्टची नोंद करतो. ही नोंद कायमची नसते. कुणीतरी क्वेरिअर दर १२५ सेकंदांनी ‘कोण कोण आहे’ अशी हजेरी घ्यायची, पीसीनं ओ द्यायची आणि नोंद ताजी व्हायची, असा तो करार आहे. हजेरी घेणाराच नेटवर्कवर नसेल तर पीसी आपणहून काही बोलत नाही आणि स्विच नोंद पुसून टाकतो. किती वेळानं? रोबस्टनेस (ठरलेला गुणक) २ गुणिले १२५, अधिक उत्तराची मुदत १०, बरोबर २६० सेकंद. ४ मिनिटं २० सेकंद.

नोंद पुसल्यावर काय करायचं हे स्विचगणिक वेगळं. काही स्विच अनोळखी ग्रुपचं पॅकेट सगळ्या पोर्टांवर सोडतात, तिथं हा घोळ कधी दिसतच नाही. आमच्याकडचे फक्त राऊटर-पोर्टकडे, म्हणजे ज्या पोर्टवरून क्वेरिअरची हजेरी येते तिकडे, पाठवतात. २००६ च्या आरएफसी ४५४१ या स्नूपिंगवरच्या मार्गदर्शक दस्तऐवजाची शिफारसही तशीच आहे, त्यामुळे स्विचला शिव्या घालण्यात अर्थ नाही. क्वेरिअर नाही म्हणून राऊटर-पोर्ट नाही आणि राऊटर-पोर्ट नाही म्हणून पॅकेट कचऱ्यात. लिनक्सचा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) या बाबतीत शहाणा आहे: क्वेरिअर दिसला नाही तर तो स्नूपिंगच्या भानगडीत न पडता सगळीकडे सोडतो.

‘मग स्नूपिंगच बंद करा की’ हा सल्ला हमखास येतो. नुसत्या आवाजापुरता तो चालेलही. पण पुढं १९२ किलोहर्ट्झचा आयक्यू (कच्च्या रेडिओ सिग्नलचा) स्ट्रीम खाली आणायचाय: १९२ हजार गुणिले २ गुणिले १६, म्हणजे ६.१४४ एमबीपीएस. हा स्ट्रीम मोकाट सुटून ॲक्सेस पॉइंटपर्यंत पोचला तर वाय-फायचा जीव जातो. मल्टिकास्ट फ्रेमला तिथं ॲकही (पोचपावती) नाही आणि फेरपाठवणीही नाही, म्हणून ती बेसिक रेटनं जाते: २.४ गिगाहर्ट्झवर बहुतेक वेळा १ एमबीपीएस, ५ गिगाहर्ट्झवर ६. सहाच्या नळीत ६.१४४ मावत नाही. तेव्हा स्नूपिंग हवंच, आणि त्याच्या जोडीला क्वेरिअर.

या स्विचांमध्ये स्नूपिंगचं बटण आहे, क्वेरिअरचं नाही. स्वस्त स्मार्ट स्विच घेताना डब्यावरचं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ वाचून भुलू नका, मॅन्युअलमध्ये क्वेरिअर शोधा. दुकानदाराला विचारलं तर तो ‘सगळं सपोर्ट करतंय’ म्हणणार. तात्पुरता इलाज म्हणून अडगळीतला ओपनडब्ल्यूआरटीचा (राऊटरसाठीच्या लिनक्सचा) जुना राऊटर काढून नुसता लॅन पोर्टनं जोडला, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद ठेवून. ब्रिजवर आयजीएमपी स्नूपिंग आणि मल्टिकास्ट क्वेरिअर ही दोन्ही १, म्हणजे चालू, केली. टीसीपीडम्पमध्ये दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ कडे जाणारी क्वेरी, मागोमाग दहा सेकंदांच्या आत पीसीचा रिपोर्ट. तिथून पुढं तुटलं नाही.

क्वेरीचा सोर्स पत्ता मात्र बघून घ्या. लिनक्स ब्रिज मुळात ०.०.०.० वरून क्वेरी पाठवतो. पीसी त्याला उत्तर देतात, पण काही स्विच असल्या क्वेरीवरून राऊटर-पोर्ट ठरवत नाहीत. ‘एमकास्ट क्वेरी यूज इफॅडर’ १ केलं की ब्रिजचा खरा पत्ता जातो. दोन क्वेरिअर असतील तर लहान आयपीवाला निवडून येतो आणि दुसरा गप्प बसतो.

विकत घ्यायचाच तर मायक्रोटिकचा एखादा छोटा राऊटर, त्याच्या ब्रिजमध्ये क्वेरिअर आहे, असा बेत इथपर्यंत लिहीपर्यंत पक्का होता. पण लाईट गेल्यावर काय? पाय आणि माळ्यावरचा स्विच इन्व्हर्टरवर आहेत, जुना राऊटर नाही. लाईट गेली की क्वेरिअर गेला आणि मग परत तेच २६० सेकंद. त्यापेक्षा क्वेरिअर पायवरच का नको? स्ट्रीम जिथून निघतो तिथूनच हजेरी. पायवर बीआरझिरो नावाचा ब्रिज करायचा, त्यात एकटा ईथझिरो (वायरीचा पोर्ट) टाकायचा, आयपी ब्रिजला द्यायचा आणि ‘एमकास्ट क्वेरिअर’ व ‘यूज इफॅडर’ १. राऊटर-पोर्ट आपोआप पायकडचा ठरतो, त्यामुळे सगळे रिपोर्ट पायपर्यंत येतात. वर एक बोनस: खाली कुणीच ऐकत नसेल तर ब्रिज पॅकेट केबलवर सोडतच नाही. मायक्रोटिकचा बेत रद्द. एसएसएचनं (खालूनच नेटवर्कवरून लॉगिन करून) हा बदल करणार असाल तर आयपी ईथझिरोवरून बीआरझिरोवर नेताना लाइन तुटते. कॉन्फिग फाइलमध्ये लिहून रीबूट करा, नाहीतर शिडी चढावी लागेल.

डेबियनचं दुखणं वेगळंच निघालं. क्वेरिअर आला, टीसीपीडम्पला पॅकेटं दिसायला लागली, तरी मॉनिटर मुका. त्या पीसीला वायर आणि वाय-फाय दोन्ही एकाच सबनेटात, आणि इंटरनेट वाय-फायवरून जावं म्हणून वाय-फायचं मेट्रिक (ज्याचं कमी ती वाट आधी) कमी केलेलं. पॅकेट येतं वायरीवरून, पण पायकडे परतीची वाट कर्नलला वाय-फायवरून दिसते. आरपी-फिल्टर (परतीची वाट जुळते का ते तपासणारी कर्नलची सेटिंग) १ असेल तर अशी पॅकेटं गुपचूप टाकली जातात. पुरावा हवा तर ‘एनस्टॅट’मध्ये ‘आयपीरिव्हर्सपाथफिल्टर’ हा काउंटर बघा: सेकंदाला बरोबर ५० नं चढत होता. हा आकडा बघून जो आनंद होतो तो धारवाड लागल्यावरही होत नाही. त्या इंटरफेसचा आरपी-फिल्टर २, म्हणजे सैल, करा. ० करून उपयोग नाही, कारण ‘ऑल’ आणि इंटरफेस यांतली मोठी किंमत लागू होते; ‘ऑल’ १ असेल तर तुमचं शून्य वाया. हार्डनिंगच्या (सुरक्षा आवळायच्या) तयार स्क्रिप्टा हे १ करून ठेवतात. शिवाय प्रोग्रॅमला इंटरफेस सांगितला नाही तर जॉइनच मुळात वाय-फायवर होतो, तेव्हा तोही नावानिशी द्या.

विंडोजवर हाच प्रकार व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी कार्डामुळे होतो. ‘नेटएसएच’मधून आयपीव्ही४ चे ‘शो जॉइन्स’ काढलं की ग्रुप कुठल्या कार्डावर बसलाय ते दिसतं. वायरीच्या कार्डाचं मेट्रिक कमी करा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, फायरवॉलमध्ये यूडीपी ५००४ आत येऊ द्या. एवढं पुरतं.

हातानं ग्रुप पत्ते देणाऱ्यांसाठी: २३९.०.०.क्ष आणि २३९.१२८.०.क्ष टाळा. मल्टिकास्टच्या मॅक पत्त्यात (स्विच बघतो त्या हार्डवेअर पत्त्यात) आयपीचे शेवटचे २३ बिटच जातात, म्हणजे ३२ ग्रुपांचा मॅक एकच. हे दोन पट्टे नेमके २२४.०.०.क्ष च्या मॅकवर येऊन बसतात आणि तो पट्टा स्विच कधीच अडवत नाही. स्नूपिंग असूनही सगळीकडे पूर. आयक्यूसाठी २३९.२५५.५०.१ धरलाय. चाचणीला आयपर्फ २ (नेटवर्क तपासायचा प्रोग्रॅम) वापरा, आयपर्फ ३ मध्ये मल्टिकास्ट नाही. आणि चाचणी किमान दहा मिनिटं चालवा, दोन मिनिटांच्या चाचणीत २६० सेकंदांचा रोग दिसणारच नाही.

केबलबद्दल एक कुरकुर. ‘कॅट ६’ छापलेल्या स्वस्त बंडलात बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ३५ मीटरवर पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) देण्याच्या फंदात पडू नका, पाय लो-व्होल्टेजची तक्रार करत राहील. तसंही वळवाच्या विजा लक्षात घेता गच्चीपर्यंत तांबं नेणंच नको वाटायला लागलंय. गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याची केबल फायबरला जोडणाऱ्या डब्यांची) जोडी, सिंगल मोड फायबर, आणि वरचा वीजपुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मीडिया कन्व्हर्टरला स्नूपिंग कळत नाही, तो फ्रेम जशीच्या तशी पुढं ढकलतो, त्यामुळे पायवरच्या क्वेरिअरला धक्का नाही. वाय-फायवरच्या टॅबसाठी मल्टिकास्ट सोडून हॉलच्या डेबियनवरून साधा युनिकास्ट (एकालाच पाठवायचा) रिले करायचा विचार आहे. आधी फायबर, मग आयक्यू, टॅब शेवटी. कन्व्हर्टर घेताना एकाला १३१० आणि दुसऱ्याला १५५० नॅनोमीटर अशी ए-बी जोडीच मागा. एकाच प्रकारचे दोन घेतले तर एका धाग्यावर लिंक येणार नाही.