काचेच्या पेटीबाहेरचा बाप

गेल्या महिन्यात सुट्टीवर कोल्हापूरला आलो, त्याच आठवड्यात चुलतभावाच्या बायकोची प्रसूती बत्तिसाव्या आठवड्यातच झाली आणि 1,450 ग्रॅम वजनाचा मुलगा थेट अतिदक्षता विभागात गेला. शहरातील त्या खासगी रुग्णालयात मी पोहोचलो, तेव्हा भाऊ दाराबाहेरच्या बाकावर औषधांच्या चिठ्ठ्या मुठीत धरून बसला होता. आजचे वजन किती, असे विचारले, तर ते त्याला ठाऊक नव्हते. मेडिकलच्या बिलाचा आकडा मात्र तोंडपाठ होता. "आत सोडंनात दादा, संध्याकाळी काचेतनं दाखवतात," एवढेच तो म्हणाला.

मीही असाच बाकावर बसलेला बाप झालो असतो, पण माझी मुलगी टोरोंटोत जन्मली.

शिरोलीच्या एमआयडीसीतील फौंड्रीतून मी कॅनडात गेलो, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. 2019 च्या फेब्रुवारीत एकोणतिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली, 1,180 ग्रॅमची. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने मला पुढून बटणे असलेला शर्ट घालून यायला सांगितले. माझीच काही तपासणी असेल, असे समजून मी गेलो, तर तिने मला आरामखुर्चीत बसवले, शर्ट उघडायला लावला आणि नाकातील नळी व छातीवरच्या तारा सांभाळत ती तळहाताएवढी मुलगी माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. मान एका बाजूला वळवली, म्हणजे श्वासाला अडथळा येऊ नये. वरून पांघरूण घातले. भट्टीचे तापमान थोडे हलले तरी आरडाओरडा करणारा मी माणूस, तिथे तासभर श्वाससुद्धा बेताने घेत बसलो होतो, आणि पडद्यावरचा तिच्या तापमानाचा आकडा 36.8 वर स्थिर होता.

त्यानंतरचे सात आठवडे आम्हाला तिथे कोणी भेटायला आलेले नातेवाईक मानले नाही. काखेत थर्मामीटर धरणे, लंगोट बदलून त्याचे वजन करणे, पत्नीने दर तीन तासांनी काढलेले दूध नळीतून आपल्या वजनानेच हळूहळू उतरू देणे, ही कामे आधी दाखवली गेली, मग शेजारी उभे राहून करवून घेतली गेली आणि शेवटी आमच्यावर सोपवली गेली. औषधे, सलाइन, श्वासाचे यंत्र यांना आम्ही हात लावायचा नव्हता. पहिल्या आठवड्यात यंत्र वाजले की माझे डोळे पडद्याकडे जात. एका अनुभवी परिचारिकेने माझी खुर्चीच फिरवून ठेवली आणि आधी बाळाचा रंग बघा, छाती हलते का ते बघा, आकडे त्यानंतर, असे बजावले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचा मेंदू श्वास घ्यायला अधूनमधून विसरतो. अशा वेळी पाठीवरून नुसते बोट फिरवले तरी पुष्कळदा तो परत सुरू होतो, हे मी त्याच खुर्चीत शिकलो.

सकाळी डॉक्टरांची फेरी आली की रात्रीचे वजन, दुधाचे प्रमाण, श्वास किती वेळा थांबला, हे सगळे वहीतून आम्ही वाचून दाखवत असू. माझे इंग्रजी त्या पहिल्या दिवशी जेवढे अडखळले, तेवढे नोकरीच्या मुलाखतीतही अडखळले नव्हते.

या पद्धतीचा उगम श्रीमंतीत नाही, हे मला नंतर वाचताना कळले. एस्टोनियातील टॅलिन येथे 1979 मध्ये परिचारिकांची चणचण होती, म्हणून डॉ. आदिक लेव्हिन यांनी आयांनाच बाळांजवळ ठेवून घेतले आणि औषधोपचार सोडून बाकीची शुश्रूषा त्यांच्या हाती दिली. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रे यांनी बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नाहीत म्हणून बाळे आईच्या छातीला बांधायला सुरुवात केली होती; तीच आज कांगारू पद्धत म्हणून जगभर ओळखली जाते. टोरोंटोच्या माउंट सायनाय रुग्णालयाने टॅलिनची कल्पना उचलून आपल्याकडे बसवली. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 26 नवजात अतिदक्षता विभागांत तिची रीतसर चाचणी झाली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईवडील रोज किमान सहा तास जवळ राहून काळजी घेत होते, त्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी 26.7 ग्रॅमने वाढले, इतरांचे 24.8 ग्रॅमने, घरी जाताना आईच्या दुधावर असलेली बाळेही त्यांच्यात अधिक होती आणि पालकांची धास्ती कमी होती. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नव्हता, हेही नोंदवायला हवे. दोन ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटणाऱ्याने रोज सकाळी त्या काट्यासमोर उभे राहून पाहावे.

आईचा व्हिसा आधीच आला होता, त्यामुळे पाचवीच्या आदल्या दिवशी ती शिवाजी पेठेतून थेट टोरोंटोच्या बर्फात येऊन उतरली. पिशवीत हळीव, डिंक आणि जुन्या धुवट लुगड्याचे तुकडे होते. सटवाईसाठी तिने घरी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले. लुगड्याचे तुकडे रुग्णालयात कोण घेणार, असे मला वाटले होते. पण तिथल्या परिचारिकांनी ते स्वच्छ धुऊन आणायला सांगितले, एक पत्नीच्या अंगाशी आणि एक पेटीत, असे रोज बदलून ठेवायला लावले, म्हणजे बाळाला आईचा वास मिळत राहतो. काजळाला परवानगी मिळाली नाही. आईने तीट पेटीच्या लोखंडी पायाला लावली आणि ती कोणी पुसली नाही.

हे सहा-सहा तास शक्य झाले, याला कारण आम्हा दोघांना मिळालेली रजा आणि त्या काळात विम्यातून मिळणारा पगाराचा अंश. आपल्याकडे 2017 पासून नोकरदार आईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण खासगी कारखान्यातील बापाला कायद्याने एक दिवसही नाही. माझा भाऊ पाळीवर काम करतो. बाकावरच्या प्रत्येक दिवसाची त्याची हजेरी बुडत होती.

कोल्हापूरच्या डॉक्टरांशी मी बोललो, ते भांडायच्या तयारीनेच. त्यांनी शांतपणे आपली बाजू सांगितली. जागा अरुंद, दोन पेट्यांमध्ये खुर्ची मावत नाही. बापाला सोडले की मामा, आत्या आणि गावाकडून जीप भरून आलेली माणसे दाराशी उभी राहतात. आणि जंतुसंसर्ग झाला तर जबाबदार कोण? मला जीपचा मुद्दा पटला, कारण ती जीप खाली उभीच होती. संसर्गाच्या भीतीला मात्र आपल्याच देशात उत्तर मिळालेले आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना हात धुण्यापासून सगळे शिकवून आत घेतले गेले, तेव्हा संसर्ग वाढला नाही आणि आईचे दूध मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण मात्र वाढले. 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने याच धर्तीवर सरकारी नवजात विभागांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. शिवाय 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांच्या चाचणीत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरायला सुरुवात केली, तेव्हा 28 दिवसांतील मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. डॉक्टरांना हे सारे माझ्याआधी माहीत होते. प्रश्न खुर्चीचा आणि परिचारिकांच्या संख्येचा होता.

शेवटी तोडगा निघाला तो एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. पाचव्या दिवसापासून वहिनीला सकाळी दोन तास आणि भावाला रात्री एक तास आत घेऊ लागले. नखे कापून, कोपरापर्यंत हात धुऊन, अंगठी-घड्याळ बाहेर ठेवून. गर्दी आवरायचे काम काकूंनी अंगावर घेतले आणि गावाकडच्या माणसांना त्यांनी जिन्याच्या वर फिरकू दिले नाही. पहिल्या रात्री भाऊ बाहेर आला, तो शर्टाची बटणे न लावताच खाली टपरीवर जाऊन चहा घेत उभा राहिला. आम्ही काही बोललो नाही.

मी परत निघालो तो मुलाचा दहावा दिवस होता. पहिल्या आठवड्यात अशा बाळांचे वजन उतरतेच, तसे याचेही 1,340 पर्यंत उतरले होते. निघताना गावाहून काकांचा फोन आला आणि पोरगे कसे आहे, असे त्यांनी विचारले. भावाने खिशातून मेडिकलचे बिल काढले आणि उलटे केले. मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा, दुधाचे मिलिलिटर आणि वजने बारीक अक्षरात ओळीने लिहिलेली होती.

"तेराशे नव्वद," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा अठरा ग्रॅम जास्त. काट्यावर मीच ठेवलं होतं."