आठपैकी आठ

४ एप्रिल २०२१, नेपरव्हिल

काल रात्री लेक झोपायला तयार नव्हता आणि मीही त्याला रागावले नाही. कॅलिफोर्नियातली गेम इकडे शिकागोच्या बाजूला मध्यरात्रीपर्यंत चालते. पण आमच्या शिकागोच्या बेसबॉल क्लबचा, व्हाइट सॉक्सचा येर्मिन मर्सेडीस परवा पाचपैकी पाच वेळा हिट (चेंडू मारून आउट न होता बेस गाठणं) मारून गेला होता आणि काल पहिल्या तीनही वेळा त्याने तेच केलं. आठपैकी आठ! सीझनची सुरुवात सलग आठ हिटनी करणारा १९०० नंतरचा हा पहिलाच.

लेकाने शाळेची जुनी चौकटीची वही काढली आहे. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे जितक्या वेळा बॅटिंग केली त्यातल्या किती वेळा हिट मिळाला, ते दशांशात. ०.३०० म्हणजे उत्तम बॅटर. वहीत पेन्सिलीने मोठ्ठं १.००० लिहिलं होतं, खाली दोन रेघा. नवव्या वेळी तो आउट झाला. मग आम्ही ९ ने ८ ला भागलं. ०.८८९. त्याने १.००० खोडलं नाही, नुसती एक बारीक रेघ मारली आणि म्हणाला, "आई, खाली आला."

मर्सेडीस काही पोरगा नाही, अठ्ठावीस वर्षांचा आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमानाचा. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या क्लबने त्याला करारबद्ध केलं आणि पुढे सोडून दिलं. मग तो पेकोस लीगमध्ये खेळला. न्यू मेक्सिको आणि टेक्सासच्या उन्हातान्हातली ती लीग, पगार जेमतेम, मोठ्या क्लबांशी संबंध नाही. तिथून बाल्टिमोरच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या क्लबांच्या खालच्या टीममध्ये, आणि २०१७ च्या डिसेंबरात व्हाइट सॉक्सने त्याला मायनर लीगच्या ड्राफ्टमधून (क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यातून) उचललं. गेल्या ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, एकदाच बॅटिंग मिळाली, त्यात आउट. यंदासुद्धा त्याचा नंबर लागला तो एलॉय हिमेनेजच्या छातीचा स्नायू सराव सामन्यात फाटला म्हणून. दुसऱ्याच्या दुखापतीने उघडलेलं दार.

आणि समोरच्या डगआउटमध्ये अल्बर्ट पुहोल्स. तोही डॉमिनिकन. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या फेरीपर्यंत त्याला कुणी विचारलं नव्हतं. २००१ मध्ये रूकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू, म्हणून आला आणि ०.३२९ च्या सरासरीने ३७ होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले. तेव्हाही लोकांनी विचारलंच असेल की हे टिकेल का. आज त्याच्या नावावर ६६२ होम रन आहेत.

बाबांना सांगलीला फोन लावला तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहा. त्यांना बेसबॉल कळत नाही, पण माणसं कळतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस गं. तो आपला मुंबईचा वल्थाटी आठवतो का?" आठवतो की. पॉल वल्थाटी. २०११ च्या आयपीएलमध्ये पंजाबकडून चेन्नईविरुद्ध ६३ चेंडूंत नाबाद १२०. त्याआधी त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात डोळ्याला चेंडू लागलेला, त्यातून तो परत उभा राहिलेला. त्या सीझनला ४६३ रन काढले. मग मनगट दुखावलं आणि नाव मागे पडलं.

"पण बाबा, ती संध्याकाळ तर त्याचीच ना?" मी म्हटलं.

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय?"

९ एप्रिल

काल घरच्या मैदानावर पहिली गेम. कॅन्सास सिटीचा ब्रॅड केलर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मर्सेडीसने डाव्या बाजूला असा काही मारला की कॅमेरा चेंडूला शोधत राहिला. ४८५ फूट! म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर. स्टँडमध्ये कोरोनामुळे मोजकीच माणसं, त्यामुळे बॅटचा आवाज टीव्हीवरसुद्धा कोरडा, स्वच्छ ऐकू आला. लेकाने वहीत ४८५ लिहून भोवती चौकोन काढला.

२७ एप्रिल

बाबा पॉझिटिव्ह आहेत. मार्चमध्ये पहिला डोस झालाय एवढाच आधार. दादाने मागच्या खोलीत त्यांची वेगळी सोय केली आहे. दर तीन तासांनी ऑक्सिमीटर लावतो, आकडा वहीत लिहितो आणि त्या पानाचा फोटो मला पाठवतो. ९६, ९५, ९५, ९४. निळ्या शाईत, दादाच्या तिरक्या अक्षरात, शेजारी वेळ. दोन दिवस गावात बेडसाठी फोन फिरवतोय. एका ठिकाणी नाव लिहून घेतलं आणि नंतर फोनच उचलला नाही. महाराष्ट्रात रोज साठ हजारांच्या आसपास नवे रुग्ण. माझं पोट दुखतं तो फोटो उघडताना.

झोप येत नाही म्हणून गेम लावते. लेकाची वही टेबलावरच असते. दोन वह्या, दोन्हींत आकडे, आणि दोन्ही आकडे खाली येऊ नयेत एवढंच मागणं.

४ मे

बाबांचा आकडा ९३ वर थांबला. तिथून काल ९४ आणि आज सकाळी ९५. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. मी देवापाशी दिवा लावला आणि दहा मिनिटं तिथेच बसून राहिले.

आजपासून भारतातून अमेरिकेत यायला बंदी. आमच्यासारखे व्हिसावर असलेले गेले तर परत कधी येणार याचा पत्ता नाही, म्हणजे जायचा विचारच सोडायचा. आजच आयपीएलही थांबली. बाबांना वाईट वाटलं. "संध्याकाळ कशी काढायची आता?" म्हणाले. एवढं बोलताना दोनदा थांबले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मर्सेडीसचं सांगितलं. एप्रिल संपला तेव्हा ०.४१५. पाच होम रन. अमेरिकन लीगमधला महिन्याचा सर्वोत्तम रूकी. पण फोन ठेवल्यावर लेकाला जे खरं आहे ते सांगावंच लागलं, कारण त्याने सरळच विचारलं: हे असंच राहील का?

०.४१५ राहणार नाही. पूर्ण सीझन ०.४०० च्या वर कुणी काढून आता ऐंशी वर्षं झाली. टेड विल्यम्स, १९४१, ०.४०६. मी विम्याच्या दाव्यांचे आकडे लावते, थोड्याशा नोंदींवरून वर्षाचा अंदाज बांधायचा नसतो हे रोज बघते. बॅटला लागून मैदानात गेलेल्या दहा चेंडूंपैकी साधारण तीन मोकळ्या जागेत पडतात, बाकीचे कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये जातात. चार आठवडे चारचार, पाचपाच पडू शकतात. चेंडू जोरात मारला तर जरा जास्त पडतात, हे खरं. पण दोन फिल्डरांच्या मधून निसटलेला संथ चेंडूही हिटच धरतात, आणि असे हिट कायम मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे पिचर. पहिल्या फेरीत त्यांना हा माणूस माहीतच नव्हता. आता प्रत्येक क्लबकडे त्याच्या प्रत्येक बॅटिंगचा व्हिडिओ आहे. कुठला चेंडू आवडतो, कुठल्यावर बॅट उगाच फिरते, पहिल्याच चेंडूवर मारतो का, सगळं कागदावर आलंय. त्याच क्लबांशी परत गाठ पडेल तेव्हा त्याला आवडतो तो चेंडू मिळणारच नाही. मग त्याला बदलावं लागेल. तो बदलला की ते परत बदलतील. खरी रूकीची परीक्षा मे-जूनमध्ये असते.

केव्हिन मासचं उदाहरण सांगितलं. १९९०, न्यूयॉर्क यांकीज, ड्राफ्टमधली बाविसावी फेरी. पहिल्या ७२ बॅटिंगमध्ये दहा होम रन, तोवर एवढ्या लवकर कुणीच मारले नव्हते. पुढच्या वर्षी सरासरी ०.२२०.

लेक गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे किती राहील?" हा प्रश्न मला फार आवडला. टिकेल की नाही यापेक्षा खाली येऊन कुठे थांबेल हे विचारायला हवं. मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं याने ०.३०० च्या आसपास मारलंय. मी म्हटलं, ०.२७० ते ०.२८०. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून घेतलं, तारखेसकट.

१९ मे

सोमवारी मिनेसोटात व्हाइट सॉक्स १५-४ ने पुढे. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये समोरच्यांनी पिचर वाचवायला विलियन्स अस्टुडिओला चेंडू दिला, जो पिचर नाहीच. तीन बॉल (नेमके न पडलेले चेंडू), शून्य स्ट्राइक, म्हणजे आणखी एक चुकला की बॅटरला फुकट बेस. ताशी ४७ मैलांचा लोंबता चेंडू आला आणि मर्सेडीसने तो बाहेर फेकला. एवढी आघाडी असताना तशा चेंडूवर बॅट फिरवू नये असा इथला अलिखित नियम. व्हाइट सॉक्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, टोनी ला रुसा, वय ७६, हॉल ऑफ फेममधला माणूस, त्याने पत्रकारांसमोर सांगितलं की ही मोठी चूक आहे, मी न मारण्याची खूण केली होती. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने, जणू शिक्षा म्हणून, मर्सेडीसच्या मागून चेंडू टाकला, आणि त्यालाही ला रुसांची हरकत नव्हती.

खूण पाळायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण घरातलं वेशीवर टांगू नये. दहा वर्षं धूळ खाऊन आलेल्या माणसाला खोलीत बोलावून काय ते सुनवायचं. बाहेर मात्र हा आपला, म्हणून उभं राहायचं. तो आपल्यात नवा आहे आणि नव्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं ते हेच, की आपल्या पाठीशी कोण आहे.

बाबा आता अंगणात येऊन बसतात. सहा किलो उतरले. आज त्यांनीच विचारलं, "तुझा तो आठपैकी आठवाला काय म्हणतो?" मी हकिगत सांगितली. "अरेरे," म्हणाले, "चारचौघांत नको होतं बोलायला."

३ जुलै

काल मर्सेडीसला शार्लटला, ट्रिपल-एला, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या स्तरावर पाठवलं. सरासरी ०.२७१.

मे संपता संपता वहीतले आकडे रोज उतरत होते. जूनमध्ये तर पानंच्या पानं, चारपैकी शून्य, तीनपैकी शून्य, चारपैकी एक. त्या एका होम रनमुळे आणि बोलण्यांमुळे सगळं बिघडलं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तेवढं सोपं वाटत नाही. पिचर बदलले, त्याला वेळेत उत्तर सापडलं नाही, आणि एप्रिलमध्ये मोकळ्या जागेत पडणारे चेंडू ग्लोव्हमध्ये जायला लागले. मन खचलं असेल तर उत्तर शोधणं आणखी अवघड झालं असेल, इतकंच.

लेकाने शेवटचं पान काढून दाखवलं. ०.२७० ते ०.२८०, ४ मे. "आई, तू बरोबर सांगितलंस." मला जराही बरं वाटलं नाही.

कारण ०.२७१ वाईट नाही हो! यंदा सगळ्या लीगची सरासरी ०.२४० च्या आसपास आहे. हेच हिट त्याने तीन महिन्यांत सारखे वाटून मारले असते, आज एक, उद्या एक, परवा दोन, तर कुणी त्याला महिन्याचा रूकी म्हटलं नसतं आणि कुणी शार्लटलाही पाठवलं नसतं. कामाचा माणूस म्हणून रोज सहाव्या-सातव्या नंबरवर खेळत राहिला असता. सगळं चांगलं आधी आलं, सगळं वाईट नंतर, आणि हिशोब मात्र नंतरचाच धरला. क्लबला जिंकायचंय, त्यांना आजचा माणूस लागतो, हे समजतं. पण मनाला पटत नाही.

१९५७ चा बॉब हेझल आठवतो. मिलवॉकी ब्रेव्ह्जने जुलैअखेर वर बोलावला, ४१ गेममध्ये ०.४०३ मारलं. पुढच्या वर्षानंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. पण त्या वर्षी मिलवॉकीने वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली, त्यात त्या ४१ गेम आहेतच, त्या कुणी काढून घेऊ शकत नाही. एप्रिलमध्ये व्हाइट सॉक्सने जिंकलेल्या गेमही अशाच राहतील.

२३ जुलै

बुधवारी रात्री मर्सेडीसने इन्स्टाग्रामवर लिहिलं की संपलं, बेसबॉलपासून दूर होतोय. देवाचे आभार, चाहत्यांची माफी. लेकाने ते सकाळी वाचलं आणि दूध तसंच ठेवून उठला. काल दुपारी कळलं की तो शार्लटच्या टीमकडे परत आलाय. एका रात्रीत. मला त्या रात्रीचं फार वाटलं. दहा वर्षं ज्याच्यासाठी काढली ते तीन महिन्यांत हातात येऊन गेलेलं, आणि माणूस एकटा फोन घेऊन बसलेला.

बाबांना सांगितलं. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा झालाय, जिना चढताना मात्र अजून मध्ये थांबतात. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत गेला ना खेळायला? मग त्याचं सांगत जा मला." मी म्हटलं, बाबा, ती लहान लीग, टीव्हीवर नसते. "तुझा मुलगा काढेल कुठून तरी," म्हणाले.

काढलंच त्याने. जेवण झाल्यावर वहीचं कोरं पान उलटलं, पट्टी ठेवून रकाने आखले, वर 'शार्लट' लिहिलं. एप्रिलचं पान फाडायचं का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही. आज गेम सहानंतर आहे. पेन्सिल टोक करून ठेवली आहे.