दस्तलेखकाच्या परवान्यासाठी कामाचा पुरावा

दस्तलेखकाच्या परवान्यासाठी अर्ज करणारे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे तरुण वयाचे नि शिक्षणाचे दाखले व्यवस्थित लावतात. परंतु आपल्याला दस्त लिहिता येतो हे कशावरून दाखवायचे, याचा विचार मात्र अगदी शेवटी करतात. माझ्या मते स्वतः तयार केलेल्या मसुद्यांची फाईल आधीपासूनच ठेवावी, आणि तीत पक्षकारांची नावे व आधार क्रमांक झाकलेले असावेत.

मसुद्यांचा ढीग नको. मिळकतीचे वर्णन अवघड होते असे एखादे खरेदीखत निवडावे. नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 21 नुसार मिळकत ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असावे लागते. समजा, 2 एकर 10 गुंठ्यांपैकी 30 गुंठेच विकायचे आहेत. तर 11-ई नकाशा (जमिनीचा काही भाग विकताना लागणारा मोजणीचा नकाशा), त्यातला हिस्सा, चतुःसीमा आणि उरलेल्या 1 एकर 20 गुंठ्यांचा हिशेब एकमेकांशी जुळलाच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्याने जुने दस्त मराठीत, काही तर मोडी लिपीत सापडतात, आणि आजची पहाणी, म्हणजे जमिनीच्या हक्काचा व पिकांचा उतारा, कन्नडमध्ये येते. जुन्या दस्तातले नाव, मधल्या वारसा वर्दी (मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लावण्यासाठी दिलेले अर्ज) आणि पहाणीवरचे नाव यांची साखळी एका पानावर मांडली, तर ते पान चार प्रशस्तिपत्रांपेक्षा वजनदार ठरते. कन्नड मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेतला असेल, तर तसे त्याच पानावर नमूद करावे.