३२७चा कप्पा : इंडो-पॅसिफिक निम्मं सुटलं

मंडळी, मागच्या नोंदीत माझ्या घरच्या पुस्तकांतला ३२७चा कप्पा टांगून ठेवला होता. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार आकडे देतात त्या ड्युई पद्धतीत ३२७ म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध. नव्या खरेदीतल्या निम्म्या पुस्तकांच्या कण्यावर ‘इंडो-पॅसिफिक’ (हिंदी आणि पॅसिफिक महासागरांचा मिळून प्रदेश) छापलेलं आणि ड्युईच्या तक्त्यात त्याला जागाच नाही, इथवर आपण आलो होतो. आता तोडगा हाती लागलाय. निम्माच, पण तो गठ्ठा पलंगाखालून निघून फळीवर गेलाय. घरचे खूश, मी त्याहून खूश.

नव्यांसाठी एवढंच सांगते की भारत-चीन संबंधांवरच्या पुस्तकाला कुठला आकडा, हा वाद आपण केव्हाच मिटवला. नियम म्हणतो, दोन देशांवर सारखाच भर असेल तर ज्याचा आकडा आधी येतो त्याला मान. ड्युईत चीनचा आकडा ५१, भारताचा ५४, म्हणून ३२७.५१०५४. माझ्या घरात भारत आधी, ३२७.५४०५१, विषय संपला. पाकिस्तान ५४९१ असल्यामुळे तिथे नियमाचं आणि माझं आपसूक जमतं, ३२७.५४०५४९१. आणि हो, ३२०.५४ दिसलं की ‘भारताचं राजकारण’ समजून लेबल चिकटवू नका. तिथला ५४ राष्ट्रवादाचा आहे. भारताच्या राजकारणाला ३२०.९५४. योगायोग आहे, पण काय योगायोग!

तर इंडो-पॅसिफिक. ड्युईच्या भौगोलिक तक्त्यात पॅसिफिक महासागराभोवतीचा प्रदेश १८२३ आणि हिंदी महासागराभोवतीचा १८२४. शेजारीशेजारी, पण दोघांना मिळून वेगळा आकडा नाही. ‘दोनांपैकी पहिला’ हा नियम लावला की सगळं १८२३ला, म्हणजे पॅसिफिकला जातं. हिंदी महासागरावर तीन प्रकरणं लिहिणारा लेखकसुद्धा टोकियोच्या रांगेत जाऊन बसतो. एक वर उडी मारून नुसतं १८२ द्यावं, तर त्यात अटलांटिक आणि भूमध्यही येतात. अमेरिकन विद्यापीठांच्या पुस्तकांत शीर्षकपानाच्या पाठीवर तयार आकडा छापलेला असतो, तो पाहावा म्हटलं तर तिथेही एकवाक्यता नाही. माझ्या गठ्ठ्यात कुणावर ३२७.०९५, म्हणजे सरसकट आशिया, तर कुणी थेट ३५५.०३३ला, संरक्षणात. या घोळापायी रविवार गेले.

माझ्याकडची ड्युई फाउंटनच्या फुटपाथवरून उचललेली एकोणिसावी आवृत्ती, १९७९ची. तिच्यात सोव्हिएत युनियन अजून शाबूत आहे, तेव्हा इंडो-पॅसिफिकची अपेक्षाच नव्हती. म्हणून २०११ची तेविसावीही एका ग्रंथालयात बसून चाळली. तिच्यातही नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे भारताच्या संसदेत ‘दोन सागरांचा संगम’ म्हणाले ते ऑगस्ट २००७मध्ये, पण शब्दाला खरा भाव आला २०१८ला. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेनं आपल्या लष्कराच्या पॅसिफिक कमांडचं नाव बदलून इंडो-पॅसिफिक कमांड केलं, आणि लगेच १ जूनला मोदी सिंगापूरच्या शांग्री-ला सुरक्षा परिषदेत त्याच विषयावर बोलले. पुस्तकांचा पूर त्यानंतरचा.

गाठ सुटली ती इथेच. या दोघांच्या इंडो-पॅसिफिकच्या हद्दी जुळत नाहीत! अमेरिकन कमांडची हद्द पश्चिमेला भारताच्या किनाऱ्यापासून थोडी पुढे, अरबी समुद्रातच संपते. त्यापुढचा अरबी समुद्र त्यांच्या दुसऱ्या, सेंट्रल कमांडकडे. म्हणजे वरळी सी फेसच्या कठड्यावर बसलं की समोर दिसणारं पाणी त्या इंडो-पॅसिफिकमध्ये, पण क्षितिजापल्याडचं ओमानकडचं पाणी नाही. सिंगापूरच्या भाषणातला इंडो-पॅसिफिक मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट अमेरिका खंडांपर्यंत. शीर्षकात एकच शब्द, आणि मध्ये अरबी समुद्राचा बराचसा भाग कमीजास्त. मग मी शीर्षकाकडे बघायचंच सोडलं. लेखकाचा समुद्र कुठे संपतो ते पाहायचं आणि त्यावर आकडा द्यायचा.

ते पाहायचं कसं? पुढचा नकाशा उघडा, असं कुणीही सांगेल. पण आपल्याकडच्या आवृत्त्यांत नकाशाचा भरवसा नाही. सर्वेक्षण विभागाशी न जुळणारी भारताची सीमा छापणं १९६१च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे प्रकाशक हात आखडता घेतात. माझ्याकडच्या एका दक्षिण आशिया आवृत्तीत नकाशांच्या यादीत नाव आहे, पानावर नकाशा नाही. आयात प्रतीत नकाशा असला तर त्यावर ‘सीमा अचूक व अधिकृत नाहीत’ असा शिक्का, तोही नेमका बंगालच्या उपसागरावर.

म्हणून सूची. पुस्तकाच्या शेवटची विषयसूची उघडायची आणि हिंदी महासागराच्या पश्चिमेकडची चार ठिकाणं शोधायची : जिबूती, चाबहार, दुक्म, मोम्बासा. समोर पॅसिफिककडची दुसरी चार : ग्वाम, पलाऊ, ओकिनावा, तैवान. पहिली चौकडी भारी पडली तर १८२४, दुसरी भरली तर १८२३. पहिल्याच संध्याकाळी गठ्ठ्यातली बहुतेक पुस्तकं वाटली गेली. मात्र एक पोटनियम लागला. जिबूतीसमोर एकटाच पानक्रमांक असेल तर तो धरायचा नाही, कारण चीनचा तिथला २०१७चा तळ प्रत्येक लेखक एका वाक्यात उरकतोच. जिबूतीखाली पोटनोंदी असतील, बंदर, रेल्वे, भाडं असं काही, तर लेखकाला खरंच तिथवर जायचं होतं. एका देखण्या हार्डबॅकच्या उपशीर्षकात ‘आफ्रिका’ आहे आणि सूचीत मोम्बासा नाही, टांझानिया नाही, मॉरिशससुद्धा नाही. गेलं १८२३ला. त्याला तिथे ढकलताना जो आनंद झाला तो लिहून कळणार नाही.

उरली ती पुस्तकं ज्यांत दोन्ही चौकड्या सारख्याच. त्यांना नाइलाजानं १८२३, पण कण्यावर निळी पट्टी. निम्मं सुटलं म्हणते ते यामुळे.

मराठी वैचारिक पुस्तकांना ही कसोटी लावता येत नाही, कारण बहुतेकांना सूचीच नसते. परराष्ट्र धोरणावर तीनशे पानं लिहायची आणि शेवटी दोन पानांची सूची द्यायची नाही, हा आळस प्रकाशक कधी सोडणार देव जाणे. मी वाचता वाचता मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं स्वतःची सूची करते. वेळ जातो, पण पुस्तक डोक्यात राहतं.

साहित्याबद्दल थोडं. थर्मल प्रिंटरची लेबलं घेऊ नका, खिडकीजवळच्या कप्प्यात आकडे पुसट होतात. पारदर्शक चिकटपट्टी पावसाळ्यात कडेनं चिकट पाझरते आणि शेजारच्या पुस्तकाला धरून बसते. खळीनं लावलेलं कागदी लेबल छान बसतं, पण मुंबईच्या दमटपणात कसरीला आमंत्रण. सध्या साधा जाड कागद, बाइंडर वापरतात तो पांढरा गोंद आणि आकडा आत २बी पेन्सिलनं. बारकोड वाचणारं अ‍ॅप मी काढून टाकलं. भारतीय आवृत्तीचा ९७८-९३नं सुरू होणारा पुस्तकक्रमांक वाचला की एकतर गप्प, नाहीतर भलतंच पुस्तक. खरेदी शक्यतो दक्षिण आशिया आवृत्तीचीच, आयात हार्डबॅकच्या पैशात तशा तीन येतात. एका ऑनलाइन विक्रेत्यानं पुन्हा नुसत्या प्लॅस्टिक पिशवीत पुस्तक पाठवलं, कोपरे ठेचलेले. फोर्टातले माझे नेहमीचे काका बरे. ‘ताई, समुद्रवालं नवीन आलंय’ म्हणून फोन करतात आणि सूची बघेपर्यंत पैसे मागत नाहीत.

आता ही नोंद लिहिता लिहिता निळ्या पट्टीवरूनच मन उडालंय. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन लंडनमध्ये शिकत असताना एका दुकानात मेकानो या जोडणीच्या खेळण्याचा संच पाहून त्यांना वर्गीकरणाची द्विबिंदू (कोलन) पद्धत सुचली म्हणतात. तेच तुकडे, हवे तसे जोडा. १९३३ला त्यांनी ती छापली, आणि मी इथे ड्युईला चिकटपट्ट्या लावत बसलेय. पूर्ण द्विबिंदूकडे जाणार नाही, तिच्यात राजकारण डब्ल्यूला आणि इतिहास व्हीला, त्यांच्यामध्ये माझं सगळं ३२७ फुटेल. पण जोडणीची कल्पना उचलता येईल. पट्टीऐवजी डमी! दोन्हीकडे राहू शकणाऱ्या पुस्तकाचं नाव लिहिलेला प्लायचा ठोकळा दुसऱ्या जागी उभा करायचा. सोसायटीत सुताराचं काम चालूच आहे, तुकडे फुकट मिळतील.

आणि डमी करायचेच तर ३२७पुरते कशाला? नौदलाची पुस्तकं ३५९.०३ला, बंदरांची ३८७.१ला, हिंदी महासागराचा इतिहास ९०९.०९८२४ला, असा माझा एक समुद्र चार कप्प्यांत सांडलाय. ठरलं तर मग. ३२४मधल्या राजकीय पक्षांचं काम पुढे ढकलते, आधी समुद्र.

त्यात एक अडचण आत्ताच दिसतेय. आखातात गेलेल्या कामगारांवरची पुस्तकं तुम्ही कुठे ठेवलीत? ३०४.८ लोकसंख्येच्या हालचालीला, ३२५ स्थलांतराला, ३३१.६२ परदेशी मजुरांना. माझा कल ३३१.६२कडे आहे, पण केरळवरचं नवं पुस्तक घरी राहिलेल्या बायकांबद्दल आहे, ते मजुरांत टाकायला हात धजत नाही. कुणी ३०६.८५, कुटुंबाचा आकडा, वापरून पाहिला असेल तर कळवा. ठोकळे कापायला देण्याआधी हवंय.