आजचा फोटो राहिला

दुपारी जेवून आडवा झालो तर फोननं जागा संपल्याचं सांगितलं. जागा करायची म्हणजे फोटो पुसायचे, आणि माझ्या फोनात फोटो दोनच जातीचे. माझे कोल्हापूरचे आणि आक्काचे समुद्राचे. 2018च्या दिवाळीत ती माहेरी आली होती तेव्हा ठरलं, रोज एकेक फोटो एकमेकांना पाठवायचा. तिला देवगडजवळ दिलीय, दारातून समुद्र दिसतो. आमच्याकडं समुद्र नाही, पण चौपाटी आहे. रंकाळ्याला चौपाटी म्हणताना कोल्हापूरकर जराही अडखळत नाही. भेळ मिळते म्हटल्यावर चौपाटीच की ती.

नियम माझे, आणि आक्काच्या मते खुळचट. दिवसाला एकच फोटो. हलला तर हलला, दुसरा काढायचा नाही. कुणाला "जरा इकडं बघा" म्हणायचं नाही. त्यामुळं माझ्याकडं म्हशींच्या पाठी भरपूर, तोंडं कमी. एकदा गंगावेशीत दूधकट्ट्यावर पेल्यातला फेस टिपायला वाकलो, तर गवळी म्हणाला, "फोटू मागनं काढा, फेस बसतोय. पिऊन घ्या आदी." प्यालो. त्या दिवसाचा फोटो रिकाम्या पेल्याचा आहे. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले, त्या गावाला एवढं चालून जावं.

हा कंजूषपणा घरातलाच. वडलांकडं आग्फा क्लिक थ्री होता. रोलमध्ये फोटो बारा. लहानपणी एका मे महिन्यात आम्ही एस्टीनं समुद्र बघायला गेलो. गगनबावडा मागं पडून करूळचा घाट लागला तसा मी खिडकीत, नाकाशी लिंबू. पुढचं सांगत नाही. तीन दिवसांत अकरा फोटो झाले, सगळे माणसांचे, सगळे उन्हानं डोळे बारीक केलेले. बारावा आईनं राखून ठेवला होता, आक्काच्या नव्या परकर-पोलक्यासाठी. आक्का वेणीफणी करून वाळूत येऊन उभी राहिली आणि वडलांनी काय मनात आलं कोण जाणे, वळून समुद्राचा फोटो काढला. नुसत्या समुद्राचा.

"अहो, पाण्याचा कसला फोटो?"

वडील काही बोलले नाहीत. आक्का मात्र घाट चढेपर्यंत रडत होती.

आठ दिवसांनी महाद्वार रोडवरच्या स्टुडिओतून फोटो आले. बारावा बघून आई म्हणाली, "ही भिंत कुणाची?" वर पांढरं, खाली करडं, मधे एक रेघ. अल्बममध्ये तो सुलटा लावलाय की उलटा, यावर अजून एकमत नाही.

ज्या समुद्रानं फोटो हुकवला, त्याचेच फोटो आक्का आता रोज काढते. वेळ ठरलेली, संध्याकाळचे पाच. जागाही तीच, मर्यादवेलीच्या अलीकडं, समोर एक काळा खडक. मला आधी वाटायचं, ही रोज तोच फोटो पाठवते. मग लक्षात आलं, खडक कधी पुरा दिसतो, कधी नुसतं डोकं, कधी नाहीच. तिनं सासूबाईंकडून शिकलेला हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, म्हणून पाचच्या फोटोत खडक बुडालेला. पुनवेला सव्वाअकरा, म्हणून पाचला ओहोटी आणि खडक उघडा. पाढे म्हणताना हीच आक्का पाऊणकीला अडायची.

मला गणित पटलं, पण मी कॅलेंडर बघत नाही. खडक बघून तिथी ओळखायचा प्रयत्न करतो आणि बहुतेक चुकतो.

तर पुसायला बसलो आणि 2019च्या ऑगस्टपाशी आलो. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, ती कधीच मागं पडली होती. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, व्हीनस कॉर्नरला नावा. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं तेव्हा मी एक फोटो काढला, पायरीचा. त्यानंतर सहा दिवस एकही नाही. सगळं गाव व्हिडिओ काढत होतं, माझा हातच उचलला नाही. पुढं तो खाडा आक्कानंही कधी काढून दाखवला नाही.

तिचे मात्र सहाही आहेत. फोन चालू झाल्यावर एकदम आले होते, तेव्हा गाळ उपसायच्या नादात नुसते वरवर बघितले. आज एकेक उघडला. पेजेचं पातेलं. विळीवर झोपलेलं मांजर. दाराची कडी. खुंटीवरची छत्री. सोललेला नारळ. सासूबाईंचे हात, तांदूळ निवडताना.

सहापैकी एकातही पाणी नाही.

तिला फोन लावला. म्हटलं, "आक्का, तेव्हा समुद्र का नाही पाठवलास?"

"कधी?"

"पूर आला होता तेव्हा."

जराशी थांबली. "पाऊस होता रे. बाहेर कोण जाणार?"

जुलैतही पाऊस होता. जुलैचे सगळे फोटो समुद्राचे आहेत, दोघांत तर छत्रीची काडीही आलीय. हे मी बोललो नाही.

"बरं, आजचा कुठाय तुझा?" ती म्हणाली. "साडेपाच वाजले."