डावा पिस्टन

“मिस्त्री, पेट्रोल दोन्हीकडं एकच जातं की.”

जानेवारीपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. बोलणारे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहेत, वय अठ्ठावन्न, आणि गाडी त्यांचीच. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला मिस्त्री म्हणतात. पंधरा वर्षं झाली, यात बदल नाही.

माझं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात. दिवसभर ऑइल बदली, क्लच प्लेटा, चेन सेट आणि “पिकअप घेत नाही” म्हणून आलेल्या पोरांच्या गाड्यांचे एअर फिल्टर झटकणं. पोट त्याच्यावर चालतं, जीव रेसिंगमध्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली तेव्हा दुकान चार दिवस बंद ठेवून ग्रेटर नोएडाला गेलो होतो. बेझेक्की जिंकला, उकाड्यानं मार्टिनला शर्यत संपल्यावर उभं राहवेना, आणि मी स्टँडवरून दुर्बीण लावून पिटमधल्या मेकॅनिकांचे हात बघत बसलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, एवढे पैसे घालून काय बघितलंत? सांगितलं, पाना कसा धरतात ते. तिनं पुढं विचारलं नाही.

साहेबांची गाडी म्हणजे राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० आपल्याकडं आणली ती. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. पहिली हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरची, मग मायलेजची बोंब झाली म्हणून लो टॉर्क काढली २७ ची. ब्रेक मात्र पुढं-मागं ड्रमच. ज्यांनी तरुणपणी घेतली त्यातल्या निम्म्यांनी दोन वर्षांत विकली आणि आता त्याच गाडीसाठी लाखांत पैसे मोजायला तयार असतात. साहेबांनी विकली नाही. हाय टॉर्क आहे, पहिल्या मालकाची.

त्यांची इच्छा एकच, की रिटायर व्हायच्या आधी ही गाडी एकदा चेन्नईच्या ट्रॅकवर पळवायची. शर्यत नाही. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी मिळून ट्रॅक भाड्यानं घेतला होता, एका दिवसापुरता. ऐन गळीत हंगामात केमिस्ट माणसाला रजा मिळणं म्हणजे काय, ते कारखान्यावरच्या लोकांना कळेल.

तावडे हॉटेलपासून पिकअप हायवेला लावली की गंमत अशी, तोच ४८ नंबरचा हायवे बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट इरुंगट्टुकोट्टईत ट्रॅकच्या दारात नेऊन सोडतो. वळायचंच काम नाही. हजारेक किलोमीटर मागं ताडपत्रीखाली गाडी आणि पुढं आम्ही दोघं. साहेब वाटेत फक्त जेटबद्दल बोलले.

जेटचं सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येतं. जेट म्हणजे कार्ब्युरेटरातलं बारीक भोकाचं पितळी नळकांडं, आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. चेन्नई जवळजवळ शून्यावर. खाली हवा घट्ट, म्हणजे तेवढ्याच श्वासात इंजिनात हवा जास्त जाते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच देतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, लीन झालं की तापतं, आणि हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक तापलं की पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. त्यात जानेवारीतली सकाळ, हवा आणखी घट्ट. हिशेब पाच-सहा टक्क्यांचा होता. कोल्हापुरात १७० चा मेन जेट व्यवस्थित चालत होता, मी चेन्नईसाठी दोन्हीकडं १८० टाकला. इंजिनाला आपोआप तेल देणारा ऑटोल्यूबचा पंप काढून टाकला होता, तेल टाकीतच मिसळायचं, लिटरला चाळीस मिली. साहेब ते तेल चहाच्या चमच्यानं नाही, लॅबमधल्या मेजरिंग सिलिंडरनं मोजून घालत. आमच्या गॅरेजला एवढी शिस्त फक्त त्यांच्या गाडीपुरती येते.

ट्रॅकवर आत सोडण्याआधी स्क्रूटिनी, म्हणजे गाडीची तपासणी. आरसे काढा, लाइटांवर टेप मारा, स्टँड काढा, आणि इंजिनाच्या ड्रेन बोल्टला लॉकवायर. बोल्टच्या डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून तार ओवून पिळायची, अशी की बोल्ट सुटायला लागला तर तार तो आवळूनच धरेल. तपासणाऱ्या माणसानं वाकून तारेवरून अंगठा फिरवला, पीळ मोजल्यासारखा बघितला आणि शेजारच्या पोराला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. पोरगा माझ्याकडं बघून हसला. शेजारी महागड्या गाडीला एकानं बाइंडिंग वायर गुंडाळली होती, त्याला परत पाठवलं.

ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. १९९० च्या आसपास झाला, त्याच्या आधी चेन्नईवाले शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस करायचे. आदल्या दिवशी कुठल्यातरी कंपनीच्या टीमचं टेस्टिंग झालं होतं, त्यांचं सामान अजून शेजारच्या पिटमध्ये होतं. मी आत डोकावलो. टायर वॉर्मर, लॅपटॉप, टॉर्क पान्यांचं अख्खं कपाट, सगळं रंगाप्रमाणं लावलेलं. एक मेकॅनिक, पंचविशीतला, बोलायला चांगला होता. म्हणाला, वन-मेक रेसमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकच मॉडेल असतं तिथं, इंजिन सील असतं, आम्ही आत हात घालत नाही. मग बिघडलं तर? इंजिन बदलतो. हात स्वच्छ होते त्याचे. मला हेवा वाटला आणि थोडी कीवही आली. मेकॅनिकनं इंजिन उघडायचं नाही, तर त्यानं गाडीजवळ उभं तरी का राहावं? आता लिहिताना हे वाक्य माझ्यावरच उलटतंय, पण त्या वेळी मला फार पटलं होतं.

पहिलं सेशन सकाळी साडेआठला. साहेब सावकाश चार लॅप मारून आले. शेवटच्या लॅपला मी सांगितल्याप्रमाणं सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटल, मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबून पिटमध्ये. याला प्लग चॉप म्हणतात. असा काढलेला प्लग खोटं बोलत नाही, फिका निघाला तर मिश्रण लीन. उजवा प्लग काढला, सुरेख, ग्लुकोज बिस्किटाचा रंग. डावा काढला. तो थोडा फिका होता.

थोडाच. मी तो उन्हाकडं धरला, मग सावलीत धरला. सावलीत बरा वाटला. मनात म्हटलं, हा प्लग नवीन आहे, अजून रंग धरला नाही. उजवाही नवीनच होता, एकाच डबीतला.

दुसरी खूण त्याच्याही आधीची. गाडी आयडलला असताना थ्रॉटल सोडला की इंजिनाची रेस लगेच खाली येत नव्हती, क्षणभर टांगून राहायची. मी आयडल स्क्रू पाव फेरा मागं घेतला आणि पुढच्या कामाला लागलो.

दुसऱ्या सेशनच्या तिसऱ्या लॅपला साहेब पिटसमोरच्या सरळ पट्ट्यावर आले. दोन सिलिंडरचा तो चिरका आवाज, सहावा गिअर, पुढं सी-वनचं वेगवान वळण. आणि आवाज गेला. टू-स्ट्रोक जाम होताना धडाम वगैरे काही होत नाही, कुणी रेडिओ बंद करावा तसं होतं. मागच्या चाकाची एक छोटी किंचाळी ऐकू आली, हातभर काळी रेघ उमटली, आणि गाडी सरळच जात राहिली. साहेबांची दोन बोटं क्लचवर होती. १९८४ पासून ती तिथंच असतात. ज्यांनी फोर-स्ट्रोकवर गाडी शिकली त्यांना ही सवय नसते, आणि नसते तर मागचं चाक लॉक झालेल्या गाडीवर त्या वेगात काय झालं असतं, हे मी रात्री झोप येत नाही तेव्हा बघतो.

गाडी ढकलत आणली. दहा मिनिटांनी किक फिरली, पण डावीकडं कॉम्प्रेशन नाही. तिथंच हेड उघडलं, सिलिंडर उचलला. पिस्टनच्या पुढच्या अंगाला, एक्झॉस्टकडं, उभे ओरखडे, रिंग अॅल्युमिनियमखाली गाडली गेलेली. लोक जमले. टू-स्ट्रोकवाले अशा वेळी मयताला जमतात तसे जमतात आणि प्रत्येकाला कारण माहीत असतं. एक जण म्हणाला, बाथरूमच्या अॅसिडनं सिलिंडर साफ करा, अॅल्युमिनियम विरघळतं, नवीन रिंग टाका, दुपारी पळवा. चूक नाही, होतं तसं. मी नको म्हणालो.

मग कुणीतरी विचारलं, “कशानं गेलं?”

मी म्हणालो, “पेट्रोल. इथेनॉल.”

का म्हणालो? तोंडात आलं. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण लीन होतं. हे खरंच आहे. जुन्या गाड्यांच्या रबरालाही ते सोसत नाही, हेही खरं. आणि माझ्याभोवती तीस माणसं उभी होती, त्यातल्या प्रत्येकाला हेच ऐकायचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर पाठीवर हात ठेवला.

साहेब काही बोलले नाहीत. पिकअपमधून शंभर मिलीचा मेजरिंग सिलिंडर आणला. टाकीतलं नाही, कॅनमधलं तेल न मिसळलेलं पेट्रोल ऐंशी मिली घेतलं, वीस मिली पाणी घातलं, तळहातानं तोंड बंद करून हलवलं आणि जमिनीवर ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा पाण्याचा थर वीसवरून चढत पस्तीसच्या जरा वर येऊन थांबला. ते उकिडवे बसून डोळा रेषेला लावून बघत होते, कारखान्यात बघत असतील तसेच.

“वीस टक्केच आहे,” ते म्हणाले. “कोल्हापुरातबी हेच निघालं होतं, मी निघायच्या आधी बघितलं होतं. आपला १७० चा जेट याच पेट्रोलवर बसवला होता.” मग थोडं थांबून ते वाक्य, मिस्त्री, पेट्रोल दोन्हीकडं एकच जातं की.

त्यांना राग आला होता असं नाही वाटत. मळी आणि उसाच्या रसापासून ते इथेनॉल करायचं हीच त्यांची नोकरी. आमचाही पाच एकर ऊस त्याच कारखान्याला जातो, बिल त्याच्यावर निघतं. ते सोडा. प्रश्न सरळ होता. दोष पेट्रोलचा असेल तर उजवा पिस्टन आरशासारखा कसा?

परतीच्या वाटेवर ते झोपले. मी कृष्णगिरीपर्यंत क्रँकचाच, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचाच विचार करत होतो.

आरडीच्या क्रँकला दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील असतं, हवा-तेल अडवणारी रबरी ओठाची कडी. उजवीकडं क्लच, तिथलं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं, आंधळ्यालाही कळतं. डावीकडं कॉइल आणि पॉइंट, तिथं सगळं कोरडं. तिथलं सील गेलं तर इंजिन गपचूप हवा ओढतं. धूर नाही, थेंब नाही. फक्त रेस थोडी टांगते आणि डावा प्लग थोडा फिका पडतो.

हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं. इंजिन बांधून झालं की सायलेन्सरची आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत हवा भरायची आणि बसते की उतरते ते बघायचं, ही माझी नेहमीची टेस्ट. त्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेलं जुनं बीपी मशीन आहे. काटा तीनशेला नेला की सहा पौंडाच्या आसपास दाब होतो, आणि सहा मिनिटं तो हलायला नको. यावेळी केली नाही. सिलिंडर लेथवरून उशिरा आला, निघायला दोन दिवस होते, आणि सील माझ्याच हातानं, नवीनच टाकलेलं होतं.

कोल्हापुरात आल्यावर केली. सव्वा मिनिटात काटा निम्म्यावर. डाव्या सीलवर साबणाचं पाणी लावलं, बारीक फुगे, एकाच जागी. केस फोडून सील काढलं. क्रँकच्या टोकाला चावीची खाच असते. सील त्यावरून सरकवताना खाचेवर टेप लावायचा, नाहीतर तिची धार सीलचा ओठ कापते. पोरांना मी हे ओरडून सांगतो. ओठ कापलेला होता, तांदळाच्या कण्याएवढा.

१९० चा जेट असता तर कदाचित तेवढी हवा पचलीही असती. हा विचार मी रोज करतो आणि रोज सोडून देतो.

मार्चमध्ये सांगलीहून एकाचा फोन आला. त्याचीही आरडी जाम झालेली. “चेन्नईत तुम्हीच सांगितलं होतं ना, इथेनॉलमुळं?” मी त्याला म्हणालो, गाडी घेऊन या, बघू. एवढंच म्हणालो.

हंगाम संपल्यावर साहेब आले. दोन्ही सिलिंडर ०.५० मिलिमीटरनं मोठे बोअर करून, नवे पिस्टन टाकून गाडी तयार होती, काटा सहा मिनिटं हलला नव्हता. बिलात सीलचे आणि क्रँक केस फोडायच्या मजुरीचे पैसे लावले नव्हते. जुनं सील टेबलावरच होतं. मुद्दाम ठेवलं की राहून गेलं, मला सांगता येणार नाही.

त्यांनी बिल वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग सील उचललं आणि ट्यूबलाइटखाली धरून अंगठ्याचं नख त्याच्या ओठावरून गोल फिरवलं. एका जागी नख अडकलं. त्यांनी ते पुन्हा मागं नेलं, पुन्हा तिथंच अडकलं. सील होतं तसं टेबलावर ठेवलं.

“पुढच्या वेळी जेट कितीचा?”

“एकशे नव्वद.”

“दोन्हीकडं?”

“दोन्हीकडं,” मी म्हणालो, आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.