उणे पाच व्होल्ट

रविवार, रात्री

जुन्या बाजारातून आणलेला कॉम्प्युटर आज उघडून साफ केला. पत्र्याच्या पेटीत एकच मोठा बोर्ड, मधोमध झेड-८० प्रोसेसर, कडेला रॅमच्या चार रांगा. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, मग सर्किट डायग्राम कुठून असणार! पॉवर सप्लाय कुणीतरी कधीच काढून नेलाय. उरलाय फक्त सहा पिनांचा कनेक्टर. त्याच्या कुठल्या पिनला किती व्होल्ट हवेत, ते शोधायचं.

"जोडून बघू तरी" हे इथे चालत नाही. बोर्डवरच्या टीटीएल जातीच्या, पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिप सात व्होल्टच्या वर तग धरत नाही. पाचच्या जागी बारा गेले तर अख्खा बोर्ड संपला, आणि असा दुसरा मिळायचा नाही.

पण बोर्ड कुणीही बनवलेला असो, चिपचे पिन ठरलेले असतात. झेड-८०चा २९ नंबरचा पिन ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट, ११ वर +५. मल्टिमीटरच्या बीपने दोन्हींचा माग कनेक्टरपर्यंत काढला. मग रॅम. ४११६ला, म्हणजे इथल्या रॅमच्या चिपला, तीन व्होल्टेज लागतात: ९ वर +५, ८ वर +१२, १ वर −५. सहावा पिन १४८८ या सिरियल पोर्टच्या चिपच्या पहिल्या पायाला गेला, म्हणजे −१२.

सगळ्यात आनंद झाला तो टँटलम कपॅसिटरमुळे. तो उलटा जोडून चालत नाही. +१२च्या रेषेवर त्याची अधिक खूण रेषेकडे होती. −५च्या रेषेवर तीच ग्राउंडकडे. ज्याने हा बोर्ड आखला त्यानेच जणू होकार दिला.

मंगळवार

करंटचा हिशोब. बत्तीस ४११६, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५ मिलिअँपिअर, म्हणजे +१२ वर १.१२ अँपिअर. −५ वर सगळ्या मिळून सात मिलिअँपिअरसुद्धा नाहीत. पण तेच नसेल तर रॅम जळते! −५ आधी यायला हवं आणि शेवटी जायला हवं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना एटी एसएमपीएस, म्हणजे जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय, मिळाला. "मायनस फाइव्ह मागणारं आता कोणी येत नाही दादा," दुकानदार म्हणाले, पण मागच्या फळीवरून काढून दिलाच. पांढरी वायर −५. १९८१च्या आयबीएम पीसीच्या पहिल्या बोर्डवरही ४११६च होत्या, त्यामुळे ही वायर पीसीच्या सप्लायमध्ये होतीच.

शनिवार

पाच व्होल्टचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, −५ आणि ग्राउंडच्या मध्ये लावला आणि +१२ची वायर त्याच्या काँटॅक्टमधून नेली. −५ आलं तरच बारा पुढे जाणार, −५ तुटलं की बाराही तुटणार. एवढासा रिले, पण या सगळ्या कामात मला तोच सर्वांत आवडतो. +५ वर एससीआर आणि ५.६ व्होल्टच्या झेनरचा क्रोबारही बसवला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं तर ती रेषा ग्राउंडला शॉर्ट होऊन बोर्ड वाचेल.

बोर्ड न जोडता आधी ४.७ ओहमच्या दहा वॅटी रेझिस्टरवर चालवून पाहिलं, कारण लोडशिवाय हे जुने एसएमपीएस नीट चालू होत नाहीत. रेझिस्टर चांगलाच तापला, व्होल्टेज जागचं हललं नाही. मग झेड-८०, रॅम आणि ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवलेल्या चिप) सॉकेटमधून काढून ठेवल्या आणि बोर्ड जोडला. प्रत्येक रिकाम्या सॉकेटच्या पिनवर मोजलं. जिथे जे हवं तिथे तेच.

चिप लगेच बसवायच्या नाहीत. दोन्ही ईप्रॉमच्या काचेवरचं लेबल सुटत आलंय. उजेडाने आतला प्रोग्रॅम पुसला जाण्याआधी त्यांची प्रत काढायची आहे. ईप्रॉम वाचणारं यंत्र, प्रोग्रॅमर, मित्राकडे आहे, उद्या सकाळी जातो.